मैलापूरच्या राउटरचे न सांगितलेले निरोप

मित्रांनो, तमिळ मुलखात, मैलापूरमधल्या एका लहान रुग्णालयात, स्कॅनच्या खोलीमागे एक लोखंडी कपाट आहे. आत एक पंखा घरघरत असतो आणि त्या पंख्याखाली मी बसलेला असतो. मी एक जुना राउटर आहे. तुमच्या घरी भिंतीवर वायफायचा जो पांढरा डबा असतो, तो माझ्याच कुळातला, पण वयाने फार लहान. त्याला तुम्ही निदान नेट गेले की शिव्या तरी देता. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. म्हणून आज माझी कहाणी मीच सांगायला बसलो आहे.

माझे काम काय, ते आधी सांगतो. कॉम्प्युटर कोणतीही गोष्ट अखंड पाठवत नाही. पत्र असो की फोटो, त्याचे तो तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतो आणि माझ्या दारात आणून टाकतो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. मी पत्ता वाचतो आणि पॅकेटला पुढच्या वाटेला लावतो. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण माझे दुसरे काम मला जास्त प्रिय आहे. एखादे पॅकेट पुढे जाऊ शकत नसेल, तर ज्याने ते पाठवले त्याला मी उलट निरोप धाडतो. या पत्त्याला वाटच नाही. पलीकडचे दार बंद आहे. हे पॅकेट नुसते गोल गोल फिरत होते, मी ते थांबवले. हे फार मोठे आहे, पुढे मावत नाही, लहान करून पाठव. असे ते निरोप असतात. ऐकायला ते गोड नसतात, पण खरे असतात आणि ताबडतोब मिळतात. कोणाला ताटकळत ठेवणे माझ्या स्वभावातच नाही.

माझी पहिली नोकरी शहराबाहेर ओरगडमला झाली. तिथल्या ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यात मला बसवले होते. सगळीकडे रंगाचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि पाळी बदलल्याचे भोंगे. मंदार तिथेच माझ्या ओळखीचा झाला. तो सांगलीहून आलेला, नेटवर्क सांभाळणारा नवा इंजिनीअर. तमिळ येत नव्हते, जेवणात भात सोसत नव्हता आणि कारखान्यात काही बंद पडले की सगळे आधी त्याच्याकडे बोट दाखवत. एकदा रंगकामाच्या विभागातली यंत्रे एकाएकी गप्प झाली. सगळे घाबरले. मंदारने मला विचारले आणि मी सरळ सांगितले की अमुक इमारतीच्या पुढे वाट नाही. तो धावत तिकडे गेला, तर कोणीतरी खणताना तार तोडून ठेवली होती. संध्याकाळी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘हा गडी बोलतो,’’ तो म्हणाला. ‘‘बाकीचे नुसते दिवे लावून बसतात.’’ मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक.

पुढे कारखान्याने नवी, वेगवान यंत्रे आणली आणि मी भंगाराच्या ढिगाशेजारी जाऊन पडलो. अंगावर धूळ साचली. मंदारनेही तोवर ती नोकरी सोडली होती आणि तो लहान दवाखान्यांची, दुकानांची नेटवर्कची कामे घेऊ लागला होता. त्याला माझी आठवण राहिली. त्याने मला तिथून सोडवले, साफ केले आणि मैलापूरला डॉक्टर बालाजीरावांच्या रुग्णालयात आणून बसवले.

बालाजीराव तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात मराठी कित्येक पिढ्यांपासून टिकून आहे, पण तमिळच्या शेजारात राहून तिचा सूर वेगळाच झाला आहे. रुग्णालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या जयंतीअक्काही त्यांच्याच गोतातल्या. सारे रुग्णालय त्यांच्या आवाजावर चालत असे. टोकनचे आकडे त्या तमिळमध्ये पुकारत, डॉक्टरांशी आपल्या मराठीत बोलत आणि विम्याच्या कंपनीशी इंग्रजीत भांडत. माझे कपाट गरम असते म्हणून त्या आपला कॉफीचा टंबलर त्यावर आणून ठेवत. मंदारला ते बघून धडकी भरे.

‘‘अक्का, कॉफी सांडली तर सगळं बंद पडेल हो!’’

‘‘सांडत नाही, पा. तूच बघ, कित्ती हडकलास. तिकडे तुज कोण वाढतं?’’ असे म्हणून त्या त्याच्या हातावर डब्यातले काहीबाही ठेवत. त्यांचे मराठी ऐकून तो हसे. तुमची भाषा किती जुनी आहे, म्हणे. त्यावर अक्का फणकारत, ‘‘जुनी न्हवे. आम्ही सांभाळून ठेवलेली हाय. तुम्हीच तिकडे सांडून आलांत.’’

ते दिवस सुखाचे होते. मी वाट दाखवत होतो, अडले तिथे निरोप देत होतो आणि कपाटावर कॉफीचा वास दरवळत होता.

मग डॉक्टरांच्या मनात एक मोठी गोष्ट आली. मेंदूचा झटका आलेला माणूस त्यांच्याकडे येई, तेव्हा त्याच्या डोक्याचा स्कॅन काढता येत असे. पण त्यावरून निर्णय घेणारा मेंदूतज्ज्ञ मैलापूरच्या या लहान जागी नव्हता. झटका दोन कारणांनी येतो. कधी मेंदूतल्या नसेत रक्ताची गाठ अडकते, कधी नस फुटून रक्त वाहते. गाठ असेल तर ती विरघळवणारे औषध लवकर द्यावे लागते. रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेते. अण्णा नगरच्या एका मोठ्या रुग्णालयात विद्युलता नावाच्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टर होत्या. त्या बालाजीरावांना म्हणाल्या, चित्र मला इकडे दिसू दे, मी फोनवर सांगते, औषध तुम्ही तिथल्या तिथे द्या. मैलापूर ते अण्णा नगर रोग्याला गाडीत हिंदकळत नेण्यात जाणारा वेळ वाचेल. त्यासाठी दोन्ही रुग्णालयांमध्ये एक सुरक्षित लाईन टाकायचे ठरले. ती लाईन माझ्यातूनच जाणार होती. तुम्हाला सांगतो, माझी छाती अभिमानाने फुगली होती.

लाईन जोडण्याआधी सुरक्षिततेची तपासणी झाली. तपासणीला आलेल्या माणसाने माझ्याकडे बघून मान हलवली. हा राउटर फार बोलतो, असे तो म्हणाला. बाहेरच्या कोणीही मुद्दाम चुकीची पॅकेटे पाठवली की हा उत्तरे देतो, आणि त्या उत्तरांवरून चोराला आतल्या घराचा नकाशा कळतो. याचे निरोप बंद करा. मित्रांनो, त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अनोळखी माणसाला घरातली माहिती सांगू नये, हे तुम्हालाही शिकवलेले असते. पण अनोळखी माणसाशी बोलू नको म्हणून सांगितलेले मूल आईशीही बोलेनासे झाले, तर ते शहाणपण म्हणायचे का?

मंदार घाईत होता. बाहेरच्या दाराचे निरोप बंद करायचे, आतल्या दाराचे चालू ठेवायचे, हे त्याला येत नव्हते असे नाही. पण तपासणीच्या अहवालात ‘बंद’ असे लिहून द्यायचे होते, आणि सगळीकडे एकच आज्ञा लावली की प्रश्न मिटत होता. त्याने ती लावली. त्या क्षणापासून अडलेले पॅकेट मी निमूटपणे फेकून द्यायचे आणि कोणालाही काही सांगायचे नाही, असे ठरले. ‘हा गडी बोलतो’ म्हणणाऱ्यानेच मला मुके केले. मला त्याचे फार वाईट वाटले आणि रागही आला. पण आज्ञा मोडणे आमच्या जातीला जमत नाही.

नवी लाईन जोडून झाली तो दिवस आयुधपूजेचा होता. इकडे त्या दिवशी कामाच्या सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. स्कॅनच्या यंत्राला झेंडूची माळ घातली होती, कॉम्प्युटरला गंध लावले होते, आणि माझ्या कपाटालाही अक्कांनी चंदनाचा टिळा लावून वर कुंकू ठेवले होते. पूजेला मांडलेल्या यंत्राकडून त्या दिवशी काम घ्यायचे नाही, अशी रीत आहे. तातडीचा रोगी आला असता तर गोष्ट वेगळी, पण त्या दिवशी कोणी आले नाही. मंदारने अण्णा नगरला पिंग केले. पिंग म्हणजे नुसती हाक. आहेस का? आहे. उत्तर चटकन आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बालाजीरावांना मात्र राहवेना. ‘‘मंदार, एक चित्र धाडून बघायचं काय?’’

मंदारने यंत्राकडे हात नेला, तेवढ्यात अक्का लगबगीने पुढे आल्या. ‘‘अय्यो, आज नको. आज मशिनांस रजा. उद्या विजयादशमी, उद्या पहिलं चित्र धाडा. बरा दिवस हाय.’’ डॉक्टर हसले, मंदारही हसला. पिंगला उत्तर आले म्हणजे लाईन ठीकच आहे, असे तो म्हणाला आणि प्रसादाचे चणे खिशात भरून निघून गेला.

आता जे त्याने पाहिले नाही ते तुम्हाला सांगतो. सुरक्षित लाईनवरून जाताना प्रत्येक पॅकेटला मी कुलूपबंद असे आणखी एक वेष्टन घालतो. वेष्टन घातले की पॅकेट फुगते. पिंगसारखे लहान पॅकेट फुगले तरी मावते. मोठ्या चित्राची पॅकेटे मात्र आधीच काठोकाठ भरलेली असतात. ती वेष्टनासकट मावत नाहीत. एरवी यात काहीच अवघड नसते. मी निरोप देतो, जरा लहान कर, आणि पाठवणारा कॉम्प्युटर लगेच ऐकतो. कोणाला कळतही नाही. पण माझे तोंड बंद होते.

विजयादशमीच्या सकाळी अक्का नेहमीसारख्या काउंटरवर आल्या. नवी जांभळी साडी नेसल्या होत्या. एका आजोबांचे टोकन पुकारताना त्यांची जीभ अडखळली. त्यांनी पुन्हा पुकारले, तर तोंडातून कोणतातरी भलताच शब्द आला. आजोबा हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी उजव्या हाताने पेन उचलायचा प्रयत्न केला, ते घरंगळून खाली पडले. त्यांना काय होते आहे ते त्यांना समजले होते, कारण रुग्णालयात इतकी वर्षे काढलेली बाई ती. त्यांनी डाव्या हाताने आपल्या डोक्याकडे आणि मग स्कॅनच्या खोलीकडे बोट दाखवले.

स्कॅन काढायला सुंदर नावाचा तमिळ तरुण होता. त्याने आणि डॉक्टरांनी त्यांना उचलून आत नेले. स्कॅन चटकन झाला. बालाजीरावांनी विद्युलता डॉक्टरांना फोन लावला, सुंदरने चित्र पाठवायचे बटण दाबले आणि ते चित्र माझ्या दारात आले.

पहिले पॅकेट आले. मावेना. मी ते टाकून दिले आणि गप्प राहिलो. कॉम्प्युटरने थोडे थांबून तेच पॅकेट पुन्हा पाठवले. मावेना. पुन्हा टाकले. मित्रांनो, काय करायला हवे ते मला ठाऊक होते. माझ्या भिंतीपलीकडे अक्का होत्या. एका ओळीचा निरोप, लहान करून पाठव, बस्स एवढाच. तो मला देता येत नव्हता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका कधी तळमळलो नाही.

पडद्यावर चित्र जात असल्याची पट्टी दिसत होती, पण ती पुढे सरकत नव्हती. ‘‘सार, कनेक्शन आहे असं दाखवतंय, पण हलत नाही,’’ सुंदर तमिळमध्ये म्हणाला. पलीकडून विद्युलता डॉक्टर सांगत होत्या, मला काहीच आलेले नाही. बालाजीरावांनी मंदारला फोन केला. तो एका कामासाठी ओरगडमला गेला होता.

‘‘पिंग करून बघा,’’ मंदार म्हणाला.

सुंदरने केले. उत्तर आले.

‘‘मग लाईन ठीक आहे डॉक्टर. अण्णा नगरच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी असेल. त्यांना बंद करून चालू करायला सांगा.’’

‘‘लाईन बरी अस्ली तर चित्र कां जाईना?’’ बालाजीराव ओरडले. शांत माणूस तो, मी त्यांचा आवाज असा चढलेला कधी ऐकला नव्हता. तरी अण्णा नगरला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला गेला. ते होईपर्यंत सगळे थांबले. मग सुंदरने पडद्याचे फोटो मोबाईलवर काढून पाठवले. विद्युलता डॉक्टर म्हणाल्या, यात चकाकी येते आहे, बारीक काही दिसत नाही, एवढ्यावर असले औषध द्या असे मी कसे सांगू? पेन ड्राइव्हवर चित्र घेऊन दुसरीकडून पाठवावे, तर त्या तपासणीनंतर तेही बंद केलेले होते. आणि पडद्यावरची पट्टी म्हणत होती, जाते आहे, थांबा.

सगळ्यात वाईट होते ते हे थांबणे. जाणार नाही, असे कोणी स्पष्ट सांगितले असते, तर बालाजीरावांनी अक्कांना तेव्हाच गाडीत घातले असते. पण नाही म्हणायला कोणी नव्हते. म्हणून आता जाईल, आता जाईल, असे करत ते माझ्यावर विश्वास ठेवून थांबले. अक्का पलंगावर पडून दाराकडे बघत होत्या. त्यांना काहीतरी विचारायचे होते, पण शब्द येत नव्हता.

शेवटी बालाजीरावांनी स्कॅनची फिल्म छापून घेतली, सुंदरच्या हाती दिली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. सणाचा दिवस होता, रस्त्यांवर गर्दी होती. स्वतः डॉक्टर अक्कांचा हात धरून मागे बसले. गाडीचा आवाज लांब जाऊन विरला तेव्हा रुग्णालयात एकदम शांत झाले. फक्त ते चित्र पुन्हा पुन्हा माझ्या दारावर येत होते आणि मी ते पुन्हा पुन्हा टाकत होतो.

अक्कांच्या मेंदूत गाठ होती. औषध मिळाले, जीव वाचला. पण उशीर व्हायचा तो झाला होता. उजवा हात लुळा पडला आणि त्यांचे शब्द हरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदार आला. कपाट उघडून त्याने कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि पिंग केले. उत्तर आले. मग तो जरा विचारात पडला आणि त्याने पिंगचे पॅकेट मोठे करून पाठवले. उत्तर नाही. मग थोडे लहान. उत्तर नाही. आणखी लहान केले, तेव्हा उत्तर आले. त्याने माझी आज्ञांची यादी उघडली, एक ओळ वाचली आणि त्याचा हात तिथेच थांबला. 

मग उठून तो बालाजीरावांकडे गेला. दार उघडेच असल्याने मला सगळे ऐकू आले.

‘‘डॉक्टर, अण्णा नगरची काही चूक नव्हती. राउटरला कळत होतं, चित्र मावत नाही ते. मी त्याला सांगायची मनाई करून ठेवली होती.’’

 बालाजीराव म्हणाले, ‘‘मनाई तू केलीस. पूजेदिवशी एक चित्र धाडल्यावांचून टाळ्या मी वाजवल्या.’’ आणि मग म्हणाले, ‘‘जा. त्यास बोलूं दे.’’

मंदारने आज्ञा बदलली. बाहेरच्या अनोळखी लोकांसाठी माझे तोंड बंदच ठेवले. तेही योग्यच होते. फार बडबड होऊ नये म्हणून निरोपांवर थोडी मर्यादा घातली. पण आतल्या बाजूने माझा आवाज त्याने मला परत दिला.

मित्रांनो, स्कॅनचा कॉम्प्युटर फार चिकाटीचा असतो. त्याला कोणी थांब म्हटले नव्हते, म्हणून अजूनही तो तेच चित्र पाठवत होता. पुढचे पॅकेट माझ्या दारात आले आणि मी म्हणालो, हे मोठे आहे, लहान करून पाठव. त्याने लहान केले. ते गेले. त्यामागून दुसरे गेले, तिसरे गेले, आणि पडद्यावरची पट्टी बघता बघता टोकाला जाऊन पोचली.

थोड्या वेळाने फोन वाजला. विद्युलता डॉक्टर होत्या. ‘‘जयंतींचा स्कॅन आत्ता आला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अगदी स्वच्छ दिसतोय.’’  बालाजीरावांनी फोन खाली ठेवला, आणि मंदार भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला.

आता इथे एक नियम झाला आहे. रोज सकाळी पहिल्या रोग्याआधी एक मोठे चित्र अण्णा नगरला पाठवायचे आणि पोचल्याचे उत्तर आल्यावरच काम सुरू करायचे. पूजेच्या दिवशीसुद्धा. नुसत्या पिंगवर कोणी विश्वास ठेवत नाही. या लाईनवरून गेलेल्या चित्रांमुळे काही माणसे आपल्या पायांनी चालत घरी गेली. त्यांना माझे नाव ठाऊक नाही, आणि मला त्याचे काही वाटत नाही.

अक्का पुन्हा काउंटरवर बसतात. टोकन आता दुसरी मुलगी पुकारते. अक्का डाव्या हाताने कागद लावतात आणि आलेल्या माणसाशी बोलायचा प्रयत्न करतात. शब्द मनात तयार असतो. तो ओठांपर्यंत येतो आणि अडतो. समोरची माणसे घाईत असतात. काहीजण बरं बरं म्हणून निघून जातात, काहीजण आपल्याला वाटेल तो शब्द त्यांच्या तोंडी घालतात. मग अक्का डोळे मिटून घेतात आणि काही बोलत नाहीत.

मित्रांनो, मी जुना झालो आहे, उद्या माझ्या जागी दुसरा येईल. त्याला जरूर तेवढे गप्प ठेवा, पण अडल्याचे सांगू द्या. आणि तुमच्या घरी, वर्गात, दवाखान्यात कोणी काही सांगू बघत असेल आणि त्याचे शब्द अडत असतील, तर ठीकच असेल असे समजून पुढे जाऊ नका. आत निरोप असतो. तो कसा असतो आणि न सांगता आला तर काय होते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही अक्कांच्या काउंटरवर आलात, तर त्यांचा शब्द येईपर्यंत थांबा.